पहिलं पान

आमच्या डोंबिवलीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी कथावाचन असतं. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा बसायचं कुठं इथपासून गोंधळ, कारण पुढं सगळी मुरलेली मंडळी, कुणाचे तीन संग्रह, कुणाची दिवाळी अंकात दरवर्षीची जागा ठरलेली. मी मागची खुर्ची धरली तर तिचा एक पाय आखूड, जरा हललं की टक्क, मग काय, दोन तास हललेच नाही.

बोलणं निम्मं डोक्यावरून जायचं. "निवेदक फार बोलतो" असं कुणी म्हटलं की मीही मान हलवायची. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, कथेत गोष्ट सांगणारा आवाज, हे घरी येऊन शोधल्यावर कळलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या महिन्यात माझा नंबर लागला. मोबाइलवरून वाचत होते, ऐन रंगात आईचा फोन आला आणि कथाच गायब, सगळे हसले, मीही हसले, पुन्हा पहिल्यापासून सुरू. कथा आजीच्या कुकरची, पण त्याआधी पानभर पाऊस, गुलमोहर आणि धुकं (डोंबिवलीत!). वाचून झालं, सगळे गप्प. मग ज्या काकांची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची तेच म्हणाले, "पहिलं पान काढून टाक गं. कथा शिट्टीपासून सुरू होते."

बस्स, एवढंच. ते पान मी चार दिवस घासलेलं, त्यामुळे रात्रभर राग. सकाळी काढून बघितलं तर काका बरोबर, मग तर आणखीच राग.

पुढच्या वेळी चहाला एका काकूंना हे सांगितलं. त्या ग्लुकोजचं बिस्किट बुडवत म्हणाल्या, "तुला तोंडावर सांगितलं तरी, आमच्याकडे 'साभार परत' यायचं." म्हणजे कथेसोबत आपलाच पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, नकाराचा टपालखर्चही आपलाच! पोस्टमनच्या हातात जाड पाकीट दिसलं की उघडायची गरजच नसायची म्हणे. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून अशी किती जाड पाकिटं घरोघरी परत आली असतील कोण जाणे.

जूनमध्ये मी धीर करून कुकरची कथा, पहिलं पान काढून, ईमेलनं दिवाळी अंकांना पाठवली, एकाला नाही, दोघांना. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी द्यायची नसते हे मला कुणी आधी सांगितलंच नाही! आता ऑगस्ट संपत आला, मोबाइल वाजला की पोटात गोळा, आणि बघावं तर बँकेची कर्जाची ऑफर. परवा काकूंना विचारलं, "दोघांनीही घेतली तर हो?"

काकू चहा फुंकत म्हणाल्या, "त्याची काळजी तू नको करूस."