पोहता आलं पाहिजे : डच बोली ऐकण्याच्या छंदाची प्रगती

परीक्षेपुरती डच झाली आणि आता निव्वळ हौस म्हणून बोली ऐकायला घेतल्यात, हे मागच्या नोंदीत सांगितलं होतं. त्यानंतर काय पुढे सरकलं आणि काय अडलंय, ते मांडते. मुख्य गोष्ट आधीच सांगते: मराठी कानाला काही बाबतींत प्रमाण डचपेक्षा कडेच्या बोली जवळच्या वाटतात. ऐकायला बसण्याआधी कोणी हे सांगितलं असतं, तर मी हसले असते.

ब्राबांत

राहते दक्षिण नेदरलँड्सच्या ब्राबांतमधल्या आइंडहोवनला, त्यामुळे सुरुवात दारातूनच. ऱ्हाइन, वाल आणि मास या नद्यांच्या दक्षिणेला ‘ग’ मऊ होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तरेचा खरखरीत ‘ख’ शिकण्यात घसा घासून घेतलेल्यांना इथे जरा विसावा मिळतो.

मला जास्त मजा आली ती लिंगांची. प्रमाण डचमध्ये नामांचे दोनच गट उरलेत, आधी ‘द’ लागणारे आणि ‘हेट’ लागणारे. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांत विरघळून गेलं. ब्राबांती बोलणारी जुनी माणसं मात्र पुरुषाला ‘उन्न मान’ म्हणतात आणि बाईला ‘अन फ्राउ’, म्हणजे ‘एक’ हा शब्द लिंगानुसार बदलतो. तीन लिंगं शाबूत! तो, ती, ते पाठ करत वाढलेल्या आपल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. कुठलं नाम कुठल्या लिंगाचं, ते मात्र पाठच करावं लागतं. तिथे सुटका नाही.

आणि ‘घेय’. प्रमाण भाषेत तू आणि तुम्ही अशी सरळ वाटणी आहे. ब्राबांतचं ‘घेय’ त्या दोघांच्या मधोमध बसतं. शेजारच्या आजी मला घेय म्हणतात आणि मीही त्यांना तसंच म्हणावं असा त्यांचा आग्रह आहे. व्याकरण कळलंय, पण पांढऱ्या केसांच्या बाईला ‘अहो’च्या खालचं काही म्हणायला जीभ अजून तयार नाही.

फ्रीसलंड

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो सार्थकी लागला. फ्रिशियन ही डचची बोली नव्हे, स्वतंत्र भाषा आहे. फ्रीसलंड प्रांतात ती डचच्या बरोबरीने अधिकृत आहे. ऐकण्यासाठी ओम्रोप फ्रीसलान ही प्रांतिक वाहिनी पुरेशी आहे, आणि शिकायचं असेल तर आफुक या फ्रिशियन शिकवणाऱ्या संस्थेचे अभ्यासक्रम.

आता शीर्षकाकडे. ॲमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेने बोलींच्या वाक्यरचनेचा एक ॲटलस केला आहे. नेदरलँड्स, फ्लँडर्स (बेल्जियमचा डच भाग) आणि फ्रान्सचा डच बोलणारा कोपरा मिळून 267 गावांत लोकांना तीच ती वाक्यं त्यांच्या बोलीत म्हणायला लावली. त्यातलं एक वाक्य साधारण असं: ‘मला वाटतं, प्रत्येकाला पोहता आलं पाहिजे.’ कालव्यांच्या देशात, जिथे लहान पोरं पोहण्याचं प्रमाणपत्र मिळवतात तिथे, हे वाक्य कोणालाही कृत्रिम वाटणार नाही.

प्रमाण डचमध्ये या वाक्याचा शेवट होतो ‘मूट कुनन झ्वेमन’ असा. म्हणजे आधी पाहिजे, मग येणं, मग पोहणं. फ्रिशियनमध्ये होतो ‘स्विम कीन मोट’: पोहणं, येणं, पाहिजे. थेट आपला क्रम. शेजारच्या ग्रोनिंगेनकडेही हाच उलटा क्रम सापडतो. प्रमाण डच ऐकताना मी पहिली दोन क्रियापदं हातात धरून तिसऱ्याची वाट पाहते. फ्रिशियनमध्ये वाक्य जिथे संपावं असं वाटतं तिथेच संपतं. फार हुरळून जाऊ नका. हा फायदा गौण वाक्यापुरताच आहे. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर उडी मारतं, फ्रिशियनमध्येही.

दुसरी गंमत अनेकवचनाची. फ्रिशियनमध्ये पाय म्हणजे ‘फूअट’, आणि अनेकवचन ‘फ्वॉटन’. जोडस्वर पालटतो आणि मधे ‘व’ घुसतो. असे शब्द पुष्कळ आहेत आणि अभ्यासक्रमात त्यांच्यावर मोठं प्रकरण असतं. मी पाऊल, पावलं असं दोनदा म्हटलं आणि पुढे निघाले. नियम वेगळे आहेत, पण कानाला धक्का बसत नाही, आणि पाठांतराला तेवढं पुरतं.

फ्रीसलंडची राजधानी लेउवार्डन, तिच्या बाजारात फ्रिशियन ऐकू येईल अशा तयारीने जाणाऱ्यांसाठी सूचना: शहराची जुनी बोली फ्रिशियन नाही. ती शहरी फ्रीस, म्हणजे डच शब्दांची आणि फ्रिशियन वळणाची मिसळण. खरी फ्रिशियन ऐकायची तर खेड्यात जा. आणि वायव्येला हेट बिल्ट लागलं, तर तिथे तिसरंच काहीतरी. 1505 मध्ये समुद्राला बांध घालून ही जमीन काढली, कसायला हॉलंडहून माणसं आणली, आणि त्यांच्या भाषेने फ्रिशियनशी पाचशे वर्षं संसार करून बिल्ट्स घडवली. रेकॉर्डिंग ऐकताना मला एक वाक्य कळतं आणि पुढचं हातातून निसटतं.

लेउवार्डनच्या जुन्या न्यायालयासमोरचा चौक मात्र चुकवू नये. न्यायाधीशाला न्यायालयात फ्रिशियन चालत नव्हती. त्याच्यावर बोचरं लिहिल्याबद्दल फेडं स्खूरर या पत्रकारावर खटला भरला गेला, आणि 16 नोव्हेंबर 1951 ला बाहेर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी दंडुके चालवले. तो शुक्रवार ‘क्नेपेलफ्रेड’ म्हणून ओळखला जातो. 1956 च्या कायद्याने न्यायालयात फ्रिशियन बोलायला परवानगी मिळाली.

लिम्बुर्ग

इथे गाडी अडली आहे. नेदरलँड्सच्या आग्नेय टोकाच्या या प्रांताच्या बोलीत, लिम्बुर्गीमध्ये, सूर अर्थ बदलतो. ‘बाइन’ म्हणजे पाय. ओढलेल्या सुरात एक पाय, ठोकलेल्या सुरात अनेक. पत्ता लागत नाही. मराठीत सुराने प्रश्न होतो, राग होतो, एकवचनाचं अनेकवचन होत नाही.

शेवटी ‘प्राट’ उतरवून घेतलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठात पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर आवाजाची उंची रेघेने दाखवतं. रेघ पाहिली की फरक डोळ्याला दिसतो, रेघ झाकली की पुन्हा नाहीसा. त्यात शब्द वाक्यात कुठे येतो यावर सुराचा आकारही बदलतो. सध्या एकेकटे शब्दच ऐकते. ज्यांनी गाणं शिकलंय त्यांना हे लवकर जमेल असा माझा अंदाज आहे. कोणी करून पाहिलं तर जरूर लिहा.

लिम्बुर्गीला 1997 पासून नेदरलँड्समध्ये प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता आहे, प्रादेशिक आणि अल्पसंख्याक भाषांच्या युरोपीय सनदेखाली. मास ओलांडून बेल्जियमच्या लिम्बुर्गात गेलं की तीच बोली अशा मान्यतेविना जगते, कारण बेल्जियमने त्या युरोपीय सनदेवर सहीच केलेली नाही. नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येच्या झेलंड प्रांताने आपल्या बोलीला अशीच मान्यता मिळावी म्हणून 2001 मध्ये अर्ज केला, तो नामंजूर झाला. कोकणी की मराठी हा वाद ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल ते काय. झेलंडची बोली मी धावती ऐकली: ‘ग’चा ‘ह’ होतो आणि मुळातला ‘ह’ गायब. दोन्ही एकदम झाल्यावर ओळखीचे शब्दही चेहरा बदलून समोर येतात.

पुढे

नीडरसॅक्सन पट्टा, म्हणजे ग्रोनिंगेन, द्रेंथे, ट्वेंट, अजून जेमतेम चाखलाय. पश्चिमेचे लोक क्रियापदाच्या शेवटचा ‘न’ गिळतात. ट्वेंटवाले ‘न’ राखतात आणि त्याआधीचा स्वर गिळतात, मग ‘प’ला चिकटलेल्या ‘न’चा ‘म’ होऊन ‘लोपन’चं ‘लोपम’ करतात. एवढं कळलंय.

त्याआधी द हेगला जायचं आहे. तिथल्या सुरिनामी हिंदुस्तानी कुटुंबांची सरनामी ही भोजपुरी-अवधीतून घडलेली भाषा. 1873 मध्ये ‘लल्ला रूख’ जहाजाने कलकत्त्याहून करारबद्ध मजूर सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत नेले, आणि 1975 च्या स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांचे बरेच वंशज नेदरलँड्सला आले. डच बोलींच्या यादीत तिला कोणी धरत नाही. मी धरणार आहे. हिंदीच्या आधारावर किती समजतं आणि कुठे डच शब्दांवर अडतं, ते पुढच्या नोंदीत. वयस्कर लोकांच्या गप्पांचं चांगलं रेकॉर्डिंग कोणाला माहीत असेल तर सांगा, बातम्यांचं नको.