जेवल्यावरच घेत होते ना!

"पण मी तर नेहमी जेवल्यावरच घेत होते," रक्ताची पिशवी चढत असताना आई पुन्हा पुन्हा हेच म्हणत होती. हिमोग्लोबिन ६.८ वर आलं होतं.

गुडघ्यांसाठी ती सात महिने रोज दोनदा डायक्लोफिनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी घेत होती. पाठ धरली की वरून आयब्युप्रोफेन. पाकिटं वेगळी म्हणून औषधंही वेगळी, असं आम्ही धरून चाललो; खरं तर दोन्ही एकाच जातीची. हृदयासाठी लहान डोसची ॲस्पिरिन तर चालूच होती. शौचाला काळं होतंय हे तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, लोहाच्या गोळ्यांनी होतं तसं. हे माझं वाक्य अजून माझ्या कानात आहे. तिचं पोट एकदाही दुखलं नव्हतं. काळं दिसत होतं ते जठरातल्या अल्सरमधून, म्हणजे जखमेतून, जाणारं रक्त होतं, आणि या गोळ्या अल्सरचं दुखणंही झाकून टाकू शकतात, हे नंतर कळलं.

मला वाटायचं, गोळी जठराला लागते, म्हणून आधी दोन घास खाल्ले की झालं. खरा प्रकार निराळा आहे. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयारच होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. दुखणं आणि सूज वाढवतं ते प्रोस्टाग्लँडिनच, पण जठराच्या अस्तरावरचा संरक्षक थरही तेच राखतं. औषध तिथे रक्तातून पोचतं, त्यामुळे इंजेक्शन घेतलं तरी जठराची सुटका नाही. त्यात ॲस्पिरिन प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कायमच्या निकामी करते. नव्या तयार व्हायला सात-दहा दिवस लागतात. म्हणजे जखमही होती आणि रक्त गोठायलाही अडथळा.

जठराला जपणारं म्हणून १९९९ मध्ये आलेलं याच जातीचं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये मागे घ्यावं लागलं.

आईचं क्रिएटिनिनही वाढलं होतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं होतं. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायलाही प्रोस्टाग्लँडिन लागतं, आणि तिच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. डॉक्टरांनी विचारेपर्यंत दुखण्याची आणि बीपीची, या दोन गोळ्या आम्ही एकत्र ठेवून कधी पाहिल्याच नव्हत्या.

आता गुडघ्याला जेल लावते, त्यातलं फार थोडं रक्तात जातं. काल मावशीचा फोन आला, कंबरेला कुठली गोळी घेऊ म्हणून. आई म्हणाली, "आधी तुझ्या बीपीच्या गोळीचं पाकीट आण. मोठं नाव नको, खाली बारीक अक्षरात लिहिलंय ते वाच."