लंबक अपडेट: त्रिज्या धरली, तरी इंटरसेप्ट हटेना

लंबकाच्या दोलनकालावरून जी (गुरुत्वीय त्वरण) काढतोय. आलेखाच्या स्लोपवरून, म्हणजे रेषेच्या चढावरून, जी मिळतो: चढ जास्त तर जी कमी. लांबी शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो इंटरसेप्ट, आणि तो शून्य यायला हवा. गोळ्याची त्रिज्या लांबीत मिळवली की तो शून्यावर येईल, असा मागच्या अपडेटमधला अंदाज होता. आला नाही. दोलनकालाचा वर्ग विरुद्ध लांबी हा आलेख अजून ०.०१९ सेकंद वर्गावर अडून बसलाय. लांबीत मोजलं तर जवळजवळ ५ मिमी, आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजलेल्या गोळ्यात एवढी चूक मावत नाही. वर जी सुमारे ०.४ टक्के जास्त. रेषा मात्र दिसायला सरळसोट, वैताग त्याचाच.

पहिला संशय नायलॉनच्या दोरीवर. ती भाराखाली हळूहळू लांबत जाते, त्यामुळे ३० ते १०५ सेमी चढत्या क्रमाने घेतलं की लांबीबरोबर हे ताणलं जाणंही वाढत जातं. पण मग लांब दोरीचे दोलनकाल फुगतील, स्लोप वाढेल आणि जी कमी येईल. इथे उलटंच घडतंय. दोरी सुटली. (तरी विणलेला दोरा घ्याच, नायलॉन या कामाचा नाही. आणि खिळ्याला गाठ नको, दोन सपाट पट्ट्यांत दाबून धरा, म्हणजे लांबी नेमकी कुठून सुरू होते ते कळतं.)

दुसरा संशय सोडण्याच्या पद्धतीवर. गोळा दरवेळी १० सेमी बाजूला ओढून सोडला जातो. ३० सेमीला हा कोन १९.५ अंश, १०५ सेमीला जेमतेम ५.५. खरा दोलनकाल नेहमीच्या सूत्रापेक्षा पहिल्या ठिकाणी ०.७ टक्के जास्त, दुसरीकडे ०.०६. ‘सगळीकडे सारखं’ म्हणून ठरवलेलं अंतरच लांबीबरोबर कोन बदलत होतं. आखूड लांबीचे दोलनकाल जास्त फुगले की रेषेचं सुरुवातीचं टोक वर उचललं जातं: इंटरसेप्ट वाढतो, स्लोप घटतो, जी जास्त येतो.

पडताळा: लांबी ३० सेमीवर पक्की, कोन फक्त ५ किंवा २० अंश, क्रम चिठ्ठ्या टाकून. आधी सगळे ५ आणि मग सगळे २० घेतले तर दोरीचं हळूहळू लांबणं पुन्हा मध्ये येतं. ५० दोलनांना साधारण ५५ सेकंद लागतात, फरक ०.४ सेकंदापर्यंत अपेक्षित. झोका मंदावत जातो म्हणून थोडा कमीच. २० दोलनांवर भागवलं तर उरतात ०.१६ सेकंद, ते अंगठ्याच्या उशिरातच बुडतात. अंदाज आधी वहीत, मोजणी नंतर. आला ०.३ च्या आसपास. झकास!

आता सगळ्या लांब्या ५ अंशांवर: ३० सेमीला २.६ सेमी ओढायचं, १०५ ला ९.२. खुणा पुठ्ठ्यावर, गोळ्यामागे.

हे लिहिताना आणखी एक सुचलं, त्यामुळे फोटोगेट (गोळ्याने प्रकाशकिरण अडवला की वेळ नोंदवणारं साधन) पुढे ढकलतोय. तीच मालिका १० अंशांवरही घ्यायची. कोन कायम असल्याने दोलनकाल सगळीकडे त्याच प्रमाणात वाढेल, इंटरसेप्ट दोन्हीकडे शून्य, पण १० अंशांचा जी ५ अंशांच्यापेक्षा सुमारे ०.३ टक्के कमी. रेषा शून्यातून जाऊनही उत्तर चुकीचं! दोरी भाराखाली न मोजता आधीच खुणा केल्या तरी हेच होतं: चूक पूर्णपणे स्लोपमध्ये लपते, इंटरसेप्टला पत्ताही लागत नाही. म्हणून लांबी गोळा टांगल्यावरच मोजायची, आणि घड्याळ धरणाऱ्याला कोन सांगायचा नाही.