कापडी बॅगेला पाणी नको, फेस द्या

महागडी कापडी बॅग मळाने फारशी बिघडत नाही, धुण्याने बिघडते. बाहेरून कापडाची दिसली तरी आतून ती निव्वळ कापडाची नसते. वरचं कापड, त्याला आतून चिकटवलेलं फ्यूजिंग (ताठपणा देणारा थर) किंवा फोम, तळाला पुठ्ठा, कडांना चामड्याची पट्टी, मग अस्तर, आणि हे सगळं धरून ठेवणारा गोंद. अशी बॅग बादलीत बुडवली की पुठ्ठा पाणी पितो, फुगतो आणि वाळताना वाकतो. त्याचा तपकिरी रंग हळूहळू वर चढून फिकट कापडावर उमटतो. गोंद सुटला की अस्तर पोटात लोंबायला लागतं. म्हणजे मधल्या थरांपर्यंत पाणी पोहोचू द्यायचं नाही, पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच.

आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब आत मुरला तर ते उघडं कापड आहे. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर वर लेप आहे. लुई व्हिटॉनच्या मोनोग्राम नक्षीच्या कापडाला सगळे कॅनव्हास म्हणतात, पण 1959पासून ते सुती कापडावर पीव्हीसीचा लेप देऊन बनतं. व्यवहारात ते प्लॅस्टिकसारखंच ओल्या फडक्याने पुसता येतं. प्राडाने 1984मध्ये बाजारात आणलेली नायलॉनची बॅकपॅक आणि तिच्या पुढच्या पिढ्या वेगळ्या. त्यांना मळ कमी धरतो, पण उष्णता सोसत नाही. लाँशां (Longchamp) या ब्रँडच्या घडीच्या नायलॉन बॅगेला आतून लेप असतो, वेगळं अस्तर नसतंच. ती वॉशिंग मशीनमध्ये घालायची पद्धत बरीच पसरली आहे, मला ती अजिबात पटत नाही. मशीनमध्ये पिळवटून हा आतला लेप तडकतो आणि चामड्याच्या झाकणाचा रंग उतरून नायलॉनवर बसतो. सुती कॅनव्हास, विणीतच नक्षी असलेलं जॅकार्ड, भरतकाम केलेलं कापड, रेशीम आणि सॅटिन ही मंडळी सगळ्यात नाजूक.

मग रंगाची परीक्षा. पांढऱ्या सुती फडक्याचं टोक ओलं करून, पिळून, आतल्या शिवणीजवळ 15 सेकंद दाबून धरा. घासू नका, नुसतं दाबा. फडक्यावर रंग आला तर पाण्याचं काम तिथेच थांबवा. लाल, काळा आणि गडद निळा या रंगांची ही परीक्षा कधीच चुकवू नये. अस्तराची वेगळी, पट्ट्याची वेगळी.

धुण्याचं मिश्रण साधं आहे. 1 लिटर कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं द्रव डिटर्जंट अर्धा छोटा चमचा. त्याहून जास्त नको, कारण बॅग खळखळून काढता येत नाही. उरलेला साबण कापडातच राहतो, चिकट होतो आणि नव्या धुळीला बोलावतो. धुण्याची पावडर टाळा. ती अल्कधर्मी असते, शिवाय तिच्यात पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असतात. साईच्या रंगाच्या कॅनव्हासवर जिथे ती लागते तिथे निळसर पांढरा पट्टा उठतो आणि तो परत साईसारखा होत नाही. साबणाच्या वडीचंही तेच. बोअरच्या जड पाण्यात तिचा चोथा होऊन कापडाच्या विणीत बसतो. पाणी जड असेल तर शेवटच्या पुसण्यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. एक बाटली चार-पाच बॅगांना पुरते.

सुरुवात अस्तरापासून करायची, बाहेरून नाही. अस्तराची ओल बाहेरच्या कापडात उतरते आणि तिथे वलय उठतं. आधी बाहेरची बाजू चकाचक केली तर ती मेहनत पुन्हा करावी लागते. बॅग रिकामी करा, चेनवाले कप्पेही. अस्तर चिमटीत धरून हळूच बाहेर ओढा. तळाला टाके घातलेले असतील तर जेवढं येईल तेवढंच घ्या. कोपऱ्यांच्या शिवणीत बिस्किटाचा भुगा, तिकिटांचा लगदा आणि लोकरीसारखी धूळ दाबून बसलेली असते. व्हॅक्यूमच्या अरुंद नळीला जुना पायमोजा बांधून ती ओढून घ्या, नाहीतर कोरड्या टूथब्रशने. ही कोरडी सफाई नीट झाली नाही तर ओलं फडकं लागताच त्या धुळीचा चिखल होतो. मग मिश्रण हाताने घुसळून नुसता फेस स्पंजवर घ्या, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत फिरवा, लगेच साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा आणि कोरड्या टॉवेलने टिपून घ्या.

डागांचं मात्र प्रत्येकाचं शास्त्र वेगळं.

बॉलपेनची शाई पाण्याने पसरते. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकोरण्याच्या कापसावर घ्या. अस्तराखाली पांढरा टिश्यू ठेवा आणि डागाच्या कडेकडून आत टिपत जा. मधून बाहेर गेलात तर रुपयाएवढा डाग पोळीएवढा होतो. कापूस आणि खालचा टिश्यू दर दोन-तीन टिपण्यांनंतर बदला, नाहीतर तीच शाई परत लावत बसाल. जेल पेनची शाई बहुधा पूर्ण निघत नाही. फिकी झाली की समाधान माना. हातावरचं सॅनिटायझर घाईत कामाला येतं, पण त्यातलं ग्लिसरिन मागे चिकट ठसा ठेवतं. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अस्तराजवळ आणूच नका. चकचकीत सॅटिनची पुष्कळ अस्तरं अ‍ॅसिटेट धाग्याची असतात आणि ॲसिटोनमध्ये अ‍ॅसिटेट विरघळतं. डागाच्या जागी भोकच पडतं.

हळदीला साबण लावला की ती लालभडक होते. ते हळदीचंच लक्षण आहे, अल्कलीने तिचा रंग पालटतो. डब्यातली आमटी सांडली तर आधी वरचं टिपा, तेलासाठी कॉर्नफ्लोअर किंवा बिनसुगंधी टाल्कम पावडर रात्रभर दाबून ठेवा, सकाळी ब्रशने झटका. पिवळा डाग स्पिरिटने जमेल तेवढा उचला आणि बाकी काम उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो. सुती अस्तर बाहेर काढून एक-दोन तास रोज, दोन-तीन दिवस. फक्त बाहेरच्या रंगीत कापडावर पातळ फडकं टाका, ऊन त्याचाही रंग खातं.

पर्समध्ये विसरलेला गजरा तपकिरी डाग सोडतो, चहाचाही तसाच. अर्धी वाटी पाण्यात 1 मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून टिपा, मग साध्या पाण्याने. लिपस्टिक आधी चमच्याच्या कडेने खरवडा, मग स्पिरिट, सगळ्यात शेवटी फेस. क्रम उलटा केला तर मेण विणीत जाऊन बसतं.

बाहेरच्या बाजूसाठी फेस तोच, पण लहान मुलांचा मऊ टूथब्रश लागतो. कॅनव्हासवर उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने चालवा. जॅकार्डवर गोल गोल घासलं तर सुटे धागे वर येतात आणि नक्षीवर लव उठते. भरतकामावर ब्रश नकोच, फेस स्पंजने थोपटा. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त डागापुरतं पुसणं. पाणी कापडात पसरताना मळ ओल्या कडेपर्यंत वाहून नेतं आणि वाळल्यावर तिथे पिवळट रेघ उमटते. डाग जातो आणि वलय राहतं. म्हणून एका शिवणीपासून पुढच्या शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा सारखा ओलसर करा, म्हणजे ओलीची कड शिवणीतच लपते. पट्टा आणि मूठ सगळ्यात मळतात. हाताचा घाम, केसांचं तेल, सनस्क्रीन. त्यांना आधी कॉर्नफ्लोअर, मग फेस, आणि हे दोनदा करावं लागेल असं धरूनच चाला.

फिकट, लेप नसलेल्या चामड्याच्या पट्ट्या असतील तर काम सुरू करण्याआधी त्यांना क्लिंग फिल्म गुंडाळून दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी नको, ती चामड्याचा वरचा पदर ओढते. अशा चामड्यावर पाण्याचा थेंब कायमचा दिसतो. कड्या आणि कुलपांवर पितांबरी किंवा लिंबू लावू नका. वरचा सोनेरी मुलामा नखाच्या जाडीचाही नसतो, दोन घासण्यांत तो जातो. कोरड्या मलमलीने पुसणं एवढंच त्यांना हवं. चेन अडकत असेल तर मेणबत्तीची कड दोन्ही दातांवरून फिरवा. पेन्सिलचं शिसं कापडाला काळं करतं.

वाळवताना ओली बॅग पट्ट्याने टांगू नये, वजनाने मूठ ताणते. आत पांढरा टॉवेल भरून मूळ आकारात उभी करा, अस्तर बाहेर काढलेलं असू द्या, पंख्याखाली निदान 24 तास. टॉवेल ओलसर झाला की बदला. हात घालून बघा, गार लागलं तर ओल अजून आहे. हेअर ड्रायर गरम हवेवर लावला तर गोंद मऊ होतो आणि नायलॉनला कायमच्या सुरकुत्या पडतात.

रेशमी किंवा पैठणीच्या क्लचला पाण्याचं नावही काढू नका. कोरडा मऊ ब्रश, बस. जरीवर अत्तर उडवायचं नाही, आणि आत रबरबँड ठेवायचा नाही. रबरातल्या गंधकाने जरीतली चांदी काळी पडते. ड्रायक्लीनला देण्याआधी विचारा, आत पुठ्ठा आणि गोंद आहे हे दुकानदाराला सांगा. पेट्रोल वॉशने साडी निघते तशी बॅग निघत नाही, तिचा गोंद त्यात सुटू शकतो.

मुंबई-कोकणात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हवेतली आर्द्रता बरेच दिवस 70 टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर, चामड्यावर बुरशी धरते. राखाडी पांढरी पूड दिसली तर बॅग आधी घराबाहेर न्या, मग कोरड्या ब्रशने झटका. घरात झटकली तर कण बाकीच्या कपाटावर बसतात. नंतर स्पिरिटने ओलसर केलेलं फडकं (रंगाची परीक्षा करूनच) आणि दिवसभर हवा. ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या मलमलीची किंवा सुती साडीची शिवा, खळ न घातलेली. आत भरायला वर्तमानपत्र नको, शाई अस्तरावर उतरते. जुन्या ओढण्या उत्तम. मध्यम आकाराच्या बॅगेला 30 ते 50 ग्रॅम सिलिका जेल पुरे. रंग पालटणारं घ्या आणि पालटला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या मात्र लांब ठेवा. त्यांचा वास अस्तरातून वर्षभर जात नाही आणि वाफ प्लॅस्टिकचे भाग चिकट करते.

चिकटपणावरून शेवटचं. 1980-90च्या दशकांतल्या काही महाग बॅगांचं अस्तर आज हाताला चिकटतं, पापुद्रे सोडतं. तो मळ नव्हे. अस्तरावरच्या पॉलियुरेथेनच्या लेपाचे रासायनिक बंध हवेतल्या ओलीने तुटत जातात. दमट हवेत हे लवकर होतं, आणि झालेलं उलटत नाही. खायचा सोडा किंवा पावडर भुरभुरवून चार दिवस निभतं, घासून लेप काढला तर खालचं कापड उरतं तेही डागाळलेलं. उपाय एकच, अस्तर बदलणं. बॅग दुरुस्त करणारा चांगला कारागीर वरच्या पायपिंगची टीप उसवून जुनं अस्तर अखंड काढतो. ते फाडू देऊ नका, नव्याचा नमुना तेच. नवं कापड घट्ट विणीचं सुती पॉपलिन घ्या, कापण्याआधी रात्रभर भिजवून आटवा, आणि प्रत्येक बाजूला 3 ते 5 मिलिमीटर लहान बेता. बाहेरच्या मापाचंच शिवलं तर ते आत चुण्या धरून चेनमध्ये अडकतं. जुन्या अस्तरावर ब्रँडचं लेबल आणि नंबराची पट्टी असेल तर ती आधी अलगद उसवून घ्या आणि नव्या अस्तराला त्याच जागी हाताने टाचा. बॅग पुढे विकायची झाली तर घेणारा पहिल्यांदा तेच शोधतो.