काटोल रोडने लुर्द मातेकडे

लुर्द मातेचा, म्हणजे येशूची आई मरियेचा, सण ११ फेब्रुवारीला. १८५८ साली याच दिवशी फ्रान्समधल्या लुर्द गावी बर्नादेत नावाच्या मुलीला मातेचं पहिलं दर्शन झालं. नागपुरात सेमिनरी हिल्सवर मातेची गुहा आहे. कळमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावातून आम्ही मोजके लोक आदल्या रात्रीच पायी निघतो. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आंबिया बहाराचा वास आणि तोंडी जपमाळ.

माळेतली प्रार्थना अर्धी एकजण म्हणतो, उरलेली बाकीचे. वाटेतलं फेट्री गाव येईस्तोवर माझ्या पोटऱ्या भरून आल्या, ओठ हलेनात. पण माळ खंडली नाही. माझ्या वाट्याचे शब्द मागून मावशी म्हणत होती. "तू फक्त चाल बापा, म्हणाचं आमी पाहून घेतो."

ख्रिस्ती माणसाचं टिकून राहणं मला तिथे उमगलं. संत ऑगस्टीन यांनी उतारवयात, इ.स. ४२८-२९ च्या सुमारास, याच विषयावर ग्रंथ लिहिला. शेवटपर्यंत टिकणं हे देवाचं दान आहे, असं ते म्हणतात. आधार कशाचा, तर प्रभूच्या प्रार्थनेचा, येशूने शिष्यांना शिकवलेल्या 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'चा. तिच्यातल्या जवळजवळ सगळ्या मागण्या टिकून राहण्याच्याच आहेत, हे ते हुतात्मा बिशप सिप्रियान यांच्या आधारे दाखवतात. टिकणं आपल्याच हाती असतं, तर ते देवाकडे रोज कशाला मागायचं? शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूही आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्राने त्याच रात्री त्याला तीनदा नाकारलं. तरी तो उभा राहिला, तो त्या विनंतीवर. म्हणून दुःखात असलेल्याला नुसतं 'धीर धरा' सांगून निघून जाणं मला पटत नाही.

मावशीचा नवरा गेला, शेत अजून तिच्या नावावर झालेलं नाही. फेरफारासाठी चकरा चालूच आहेत. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा तिला पाठ आहे. देवाला न भिणारा न्यायाधीशसुद्धा तिच्या वारंवार येण्याने शेवटी न्याय द्यायला तयार होतो.

"मावशी, तुमची जिद्द मोठी," मी म्हटलं.

"जिद्द कायची? ते तं कवाचीच सरली. आता सकाळी उठून त्याले मांगतो, मंग पाय निघते."

सकाळच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, पोचलो. विनंत्यांच्या वेळी मी तिच्या शेताचं मागणं मोठ्याने मांडलं. पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा तालुक्याला जायचंय. या खेपेला आम्ही दोघंतिघं तिच्यासोबत जाणार आहोत.