पेर्गे: लेकीच्या नावाने ओळखले जाणारे वडील

तुर्कस्तानातल्या अंताल्याहून ट्रामने आक्सूला उतरलं की पेर्गे या रोमन काळातल्या ग्रीक शहराचे अवशेष साधारण दोन किलोमीटर. दोन किलोमीटर ते काय, म्हणून जुलैत भर बाराला पायी निघालो. ही चूक तुम्ही करू नका. आत सावली जवळजवळ नाही. मुख्य रस्त्याच्या मधोमध पाण्याचा पाट आहे, पण तोही कोरडा, आणि आमची बाटली त्याच्याआधीच आटलेली.

स्टेडियम झटपट उरका. वेळ राखून ठेवा तो दोन गोल बुरुजांमागच्या, घोड्याच्या नालेसारख्या अंगणासाठी. बुरूज ख्रिस्तपूर्व काळातले. अंगणाला नवं रूप दिलं प्लांकिया माग्ना या बाईने, इ.स. 120 च्या सुमारास, स्वतःच्या पैशाने. भिंतीतल्या कोनाड्यांत देवांचे आणि शहराच्या संस्थापकांचे पुतळे होते. त्या संस्थापकांत तिने आपले वडील आणि भाऊही बसवले! वडील रोमचे सिनेटर. पण चौथऱ्यावरच्या ग्रीक लेखात त्यांची ओळख काय, तर ‘प्लांकिया माग्नाचे वडील’. भाऊही तसाच, तिचा भाऊ म्हणून. लग्नपत्रिकेत ‘अमुक यांची सुकन्या’ वाचत मोठे झालेलो आपण. मी तिथे बराच वेळ उभी होते.

त्या काळी ग्रीक शहरांत पद मिळालं की पगार नसे, उलट खिशाला खार लागे. कमानी, स्नानगृहं, उत्सव श्रीमंतांनी करायचे. बदल्यात शहर पुतळा आणि पदवी देई. प्लांकिया आर्टेमिस देवीची पुजारीण होती, शिवाय देमिउर्गोस, म्हणजे शहरातलं सर्वोच्च पद. तिच्या पुतळ्याखाली तिला ‘शहराची कन्या’ म्हटलंय. आपल्या देवळांतल्या फरशांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असतं, त्याच जातीचा हा कारभार. फक्त इथे मान जिवंतपणीच वसूल.

कोनाडे आज रिकामे आहेत. प्लांकियाचा पुतळा अंताल्याच्या वस्तुसंग्रहालयाकडे आहे. ते चालू आहे का, हे निघण्याआधी बघून घ्या. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच. आणि शक्यतो सकाळी लवकर जा: झिजलेली अक्षरं तिरप्या उन्हातच उठून दिसतात. दुपारी आम्हाला काही दगड नुसते पांढरे दिसले, परतताना त्यांच्यावरच ओळी सापडल्या.