इंदूरमधील आंदोलनांची नोंद करताना

इंदूरमधील मोर्चे, धरणी आणि निवेदने यांची विश्वासार्ह नोंद तयार करायला बसलो, तेव्हा एक आंदोलन नेमके कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागले. संघर्ष व आंदोलनांच्या घटना नोंदवणाऱ्या आणि भारताची माहिती २०१६ पासून देणाऱ्या ‘ॲक्लेड’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात एका ठिकाणी चाललेले धरणे दररोज नवी घटना म्हणून मोजले जाते. त्यामुळे दहा दिवसांचे छोटे धरणे दहा वेळा दिसते, आणि राजवाड्यावर एका संध्याकाळी लोटलेला प्रचंड मोर्चा एकदाच. म्हणून मी घटना आणि मोहीम असे दोन वेगळे रकाने केले.

खरी कसोटी लागली ती संख्येच्या बाबतीत. रीगल चौकातल्या एकाच सभेचा आकडा आयोजक, पोलीस आणि वार्ताहर यांच्याकडे तीन प्रकारचा असे. बर्कलेचे पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात मांडलेली रीत मी वापरली : विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साधारण ४.५ चौरस फूट. स्थिर सभेला ती उपयोगी पडते. चालत्या मोर्चात मात्र लोक मध्येच येतात, मध्येच जातात. तेव्हा एकच आकडा न लिहिता किमान व कमाल अंदाज, स्रोतासह, लिहिणेच मला प्रामाणिक वाटते.

वर्तमानपत्रांवर विसंबले तर मोठ्या पक्षांची निदर्शने मी चाळलेल्या चारही दैनिकांत सापडतात. पण रिकामे हंडे घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयावर गेलेल्या बायका, रस्ता अडला नाही तर, कुठेच दिसत नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत स्थानिक पानावरची जागा आटते आणि आंदोलनेच घटल्याचा भास होतो. माहितीच्या अधिकारात आंदोलनांच्या परवानगीचे कागद मागितले तर ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते, परंतु त्या कागदांत न विचारता उसळलेला रोष कसा सापडणार? पोलीस संशोधन व विकास ब्युरो दरवर्षी आंदोलनांचे आकडे प्रसिद्ध करतो, पण ते राज्यनिहाय असतात. त्यांतून एकटे इंदूर वेगळे काढता येत नाही.

शेवटी वस्त्यांत जाऊन बायकांकडूनच प्रसंग समजून घेतले आणि तारखा शक्य तिथे निवेदनाच्या पोचपावतीशी ताडून पाहिल्या. कोणाचेही नाव लिहिले नाही, गर्दी मोजून झाल्यावर छायाचित्रे पुसून टाकली. कारण त्यांनी माहिती दिली ती याच अटीवर.